द बेस्ट जॅपनीज सायन्स फिक्शन स्टोरीज

जपानी विज्ञानकथांचा इंग्रजी अनुवादित संग्रह (१९८९). संपादक जॉन एल. अपॉस्टोलू आणि मार्टिन एच. ग्रीनबर्ग. नावात ‘विज्ञान’ असले तरी यातल्या बऱ्याच कथा स्वप्नात घडाव्यात तशा घडतात. सांगितल्या मात्र जातात अगदी साध्या, रोजच्या सुरात. संग्रहाचे खरे बळ तेच.

जपानमध्ये आधुनिक विज्ञानकथेने मूळ धरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५७ मध्ये ‘उचूजिन’ हे हौशी नियतकालिक निघाले आणि दोनच वर्षांनी हायाकावा प्रकाशनाचे ‘एसएफ मॅगझिन’. संग्रहातली कोबो आबे यांची ‘पूर’ (१९५०) ही कथा त्याही आधीची. तीत एक तत्त्वज्ञ दुर्बिणीतून पाहत असताना एक मजूर विरघळून पाणी होतो. मग गोरगरीब असेच वितळत जातात आणि जग बुडू लागते. यासुताका त्सुत्सुई यांच्या ‘उभी बाई’मध्ये महागाईबद्दल कुरकुर केली म्हणून एका लेखकाच्या बायकोला रस्त्याकडेला रोपले जाते. तिचे हळूहळू झाड होते आणि नवरा चोरून तिला भेटायला जातो. शासनाच्या जाचावर इतकी हळवी कथा क्वचितच लिहिली गेली असेल. र्‍यो हानमुरा यांनी तर एका पुठ्ठ्याच्या खोक्यालाच बोलते केले आहे.

शिनिचि होशी (१९२६–९७) यांनी हजारावर अतिलघुकथा लिहिल्या. त्यांतल्या दोन इथे आहेत. ‘बोक्को-चान’ (१९५८) ही बारमधली देखणी रोबो. गिऱ्हाइकाचेच शब्द ती परत म्हणते आणि तिला पाजलेली दारू मालक पायाजवळच्या नळीतून काढून पुन्हा विकतो. तिच्या प्रेमात पडलेला एक तरुण तिला विष पाजतो. त्या रात्री मालक सगळ्यांना फुकट पाजतो, स्वतःही पितो. पुढचे सांगायला नकोच.

दुसरी कथा वादळाने देऊळ वाहून गेल्यावर उघड्या पडलेल्या खड्ड्याची. कुणीतरी आत डोकावून ‘ए, बाहेर ये!’ अशी हाक मारतो, खडा टाकतो. आवाज येत नाही. मग शहर त्यात अणुकचऱ्यापासून नको असलेले सगळे टाकू लागते. हवा स्वच्छ होते, समुद्र निळा होतो. एक दिवस उंच बांधकामावर विसावलेल्या कामगाराला आभाळातून हाक ऐकू येते: ‘ए, बाहेर ये!’ तो वर बघतो, काहीच दिसत नाही. मागोमाग एक खडा त्याच्या अंगाजवळून खाली जातो.