प्रिंटरच्या पोर्टवर पळणारं कॅरेक्टर

आज बेळगावात इंजिनिअरिंगच्या कुठल्याही पोराला विचारा, बाहेरचं बटण दाबून स्क्रीनवरचं कॅरेक्टर हलवायचं तर काय करायचं, तो म्हणणार अर्डुइनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड) घ्या, यूएसबी केबल लावा, झालं की. पण ह्या केबलच्या आधी बरंच काही होऊन गेलंय, आणि आपल्याकडं तरी त्याची सुरुवात जॉयस्टिकपासून नाही, प्रिंटरपासून झाली.

जॉयस्टिकची पोर्टं तशी आधीपासून होती. 1977 च्या अटारी 2600 ची जॉयस्टिक म्हणजे आत फक्त पाच स्विच, चार दिशा आणि एक फायर. 1982 च्या कमोडोर 64 नं तोच नऊ पिनांचा कनेक्टर ठेवला, बेसिक भाषेत 56320 हा पत्ता पीक केला, म्हणजे वाचला, की पाचही स्विच एका आकड्यात हजर. आयबीएमनं 1981 च्या पीसीसाठी मात्र वेगळाच घाट घातला, पंधरा पिनांचं गेम पोर्ट, त्यात दिशांसाठी स्विचऐवजी पोटेन्शिओमीटर (फिरवला की रेझिस्टन्स बदलणारा), म्हणजे 201 हेक्स (सोळाच्या पायावर मोजलेला आकडा) ह्या पत्त्यावर काहीतरी लिहायचं आणि बिट 1 वरून 0 वर पडेपर्यंत मोजत बसायचं, जितका वेळ लागेल तितकी स्टिक सरकली असं धरायचं. प्रोसेसर फास्ट झाला की आकडा बदलला. माझ्या मते शिकणाऱ्या माणसाला वैताग आणणारी ही रचना. शिवाय हे पोर्ट बहुतेक वेळा साउंड कार्डावर यायचं, आणि कॉम्प्युटर क्लासमधल्या किंवा पतसंस्थेतल्या मशीनला साउंड कार्ड कशाला घालतील?

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र सगळीकडं, पावत्या निघायला नकोत होय? त्यामुळं पंचवीस पिनांचं एलपीटी पोर्ट, म्हणजे प्रिंटरचं पोर्ट, प्रत्येक मशीनच्या पाठीमागं असायचंच. मुळात ही पद्धत सेंट्रॉनिक्स कंपनीनं 1970 च्या सुमारास आपल्या प्रिंटरसाठी काढलेली, आठ तारांवरून एकदम एक अक्षर पाठवायचं. पण प्रिंटरलाही उलट काही सांगायचं असतं ना, त्यासाठी पाच तारा मशीनकडं येणाऱ्या ठेवल्या: पोचलं, बिझी आहे, कागद संपला, सिलेक्ट आहे, एरर. पिना 10, 11, 12, 13 आणि 15. आता मोजा, जॉयस्टिकला पाच स्विच लागतात आणि इथं पाच इनपुट तयार पडलेत! कुणी ठरवून केलेलं नाही, पण हौशी लोकांनी ते बरोबर हेरलं.

जोडणी अगदी साधी. पाच पुशबटणं, प्रत्येकाची एक बाजू वरच्या पाचपैकी एकेका पिनेला, दुसरी 18 ते 25 पैकी कुठल्याही ग्राउंडला. क्यूबेसिकमध्ये (डॉसबरोबर येणारी बेसिक) इन्प ह्या आज्ञेनं 889 वाचायचं, हा त्या पाच तारांचा पत्ता, खालचे तीन बिट आपल्या कामाचे नाहीत म्हणून 248 शी अँड करून ते शून्य करायचे, काहीच दाबलेलं नसलं की 120 येतो. पिन 12 ग्राउंडला टेकवली की 32 कमी होऊन 88. म्हणजे प्रिंटरनं 'कागद संपला' म्हणून ओरडायची तार, आणि तिच्यावर आपला हिरो उडी मारणार. पिन 11 तेवढी उलटी चालते, दाबल्यावर तिचा बिट 1 होतो, नवशिक्यांचं डोकं तिथंच खातं. काही मशीनवर पिना नुसत्या तरंगत राहायच्या, ना धड 0 ना धड 1, मग डेटा पिनांच्या 888 ह्या पत्त्यावर 255 पाठवून डेटा पिनांवरूनच पाच व्होल्ट घ्यायचे आणि रेझिस्टन्स लावून त्या वर ओढायच्या. चित्राचं काम गेट (स्क्रीनवरचं चित्र उचलणं) आणि पुट (ते ठेवणं) ह्या आज्ञांवर, पुट एक्सॉर पद्धतीनं दोनदा मारलं की चित्र पुसलं जातं, मागची सीनरी आहे तशी.

कीबोर्ड असताना एवढा खटाटोप कशाला, तर कीबोर्डवर बाण दाबून धरला की कॅरेक्टर एक पाऊल टाकून अर्धा सेकंद थांबतं आणि मग पळतं, आणि पळता पळता फायर दाबला की पळणं बंद. पोर्टवर तसलं काही नाही, ह्या क्षणी काय दाबलंय तेवढंच कळतं.

1998 साली व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) बेळगावातच सुरू झाली आणि तिच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये 8255 ह्या पोर्ट पुरवणाऱ्या चिपवरून स्टेपर मोटर, कीपॅड, लिफ्टचं मॉडेल चालवायचे प्रयोग बरीच वर्षं होते. पोर्टचा पत्ता, बिट, मास्क (नको ते बिट झाकणं) हे सगळं तिथं शिकायचं, फक्त स्क्रीनवर कोणी पळायचं नाही. टर्बो सीमध्ये (सी भाषेचं सॉफ्टवेअर) पोर्ट वाचणारं इनपोर्टबी लिहून तेच घरच्या एलपीटीवर करता यायचं. सुटे पार्ट बेंगळूरच्या एस. पी. रोडवरनं नाहीतर पुण्याच्या बुधवार पेठेतनं, सीमेवर राहायचा एवढा तरी फायदा.

मग विंडोज आडवं आलं. 95 आणि 98 मध्ये प्रोग्रॅम थेट पोर्टला हात लावू शकत होता, पण 2001 चं एक्सपी विंडोज एनटीच्या पायावर उभं, तिथं हे काम फक्त ड्रायव्हरनं (सिस्टिमच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमनं) करायचं, आपण केलं की प्रोग्रॅम बंद पाडणार. व्हिज्युअल बेसिकमध्ये तर इन्प मुळातच नव्हतं. म्हणून इनपआउट32 सारख्या डीएलएल, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला जोडायच्या तयार फायली, आल्या, आत ड्रायव्हर दडवलेला, बाहेरून जुन्यासारखंच वाचा. व्हिस्टापासून गेम पोर्टचा सपोर्टही गेला.

2005 मध्ये अर्डुइनो आल्यावर स्विच वाचायचं काम त्या बोर्डाकडं गेलं आणि पीसीकडं फक्त आकडे यायला लागले, तेही कॉम पोर्ट म्हणून, म्हणजे सिरियलचा जुना वेष यूएसबीवर अजून आहेच. एलपीटीवाली मशीनं अजून दिसतात ती छोट्या सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापणी मशीनच्या) नादात असलेल्यांकडं, त्यांचं मॅक3 सॉफ्टवेअर त्याच पोर्टच्या पिनांवर मोटरला पल्स पाठवतं. आणि बाजारात यूएसबी टू पॅरलल केबल मिळते ती बघून हुरळू नका, ती फक्त प्रिंटरसाठी, तिच्यामागं 378 हेक्स, म्हणजे आपला 888, हा पत्ताच नसतो, त्यामुळं 889 वाचून काही हाती लागणार नाही.