काँगो, पण कुठला?

‘काँगोत बंडखोरांनी शहर घेतलं’ अशी बातमी वाचून नकाशा उघडला, तर काँगो दोन दिसतात. शेजारी-शेजारी, बऱ्याच अंतरापर्यंत मध्ये नदी, आणि तिचं नावही काँगोच. राजभाषा दोन्हीकडे फ्रेंच. पूर्ण नावं घेऊनही सुटका नाही: एक ‘काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक’, दुसरं नुसतंच ‘काँगोचे प्रजासत्ताक’. (‘लोकशाही’ शब्दावर विसंबू नका, त्या बाबतीत दोन्हीकडे आनंदच आहे.) म्हणून राजधानी जोडून बोललेलं बरं: काँगो-किन्शासा आणि काँगो-ब्राझाव्हिल.

बातमीतला काँगो बहुतेक वेळा किन्शासावाला. अल्जेरियाखालोखाल आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश, सुमारे २३.४५ लाख चौरस किलोमीटर, लोकसंख्या १० कोटींच्या वर. ब्राझाव्हिलवाला ३.४२ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडा मोठा. पण माणसं साठेक लाख; मुंबईत याहून कितीतरी जास्त राहतात.

एकाच नावाचे दोन देश झाले ते युरोपीय वाटणीमुळे. दक्षिणेकडचा मोठा प्रदेश १८८५ मध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने चक्क स्वतःची खासगी मालमत्ता करून टाकला. १९०८ मध्ये तो बेल्जियम सरकारकडे गेला. पलीकडचा काठ फ्रान्सने घेतला, तो ब्राझा नावाच्या संशोधकामार्फत. दोन्ही देश १९६० मध्ये स्वतंत्र झाले: किन्शासा ३० जूनला, ब्राझाव्हिल १५ ऑगस्टला. पुढे १९७१ मध्ये तिथला हुकूमशहा मोबुटू याने मोठ्या देशाचं नाव ‘झाईर’ ठेवलं आणि घोळ मिटला. १९९७ मध्ये मोबुटूची सत्ता गेली, जुनं नाव परत आलं, घोळही परत आला.

कमाईत मात्र दोघांची गल्लत होऊ नये. किन्शासावाला खाणींवर जगतो. जगातल्या कोबाल्टपैकी दोन तृतीयांशाहून अधिक इथून निघतं आणि ते मोबाइल, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत जातं. पण तांबं-कोबाल्ट आग्नेयेच्या कटांगा भागात, राजधानीपासून दीड हजार किलोमीटरवर. देशाला समुद्रकिनारा जेमतेम चाळीसेक किलोमीटर. त्यामुळे बराचसा माल ट्रकने झांबियातून पार टांझानियातल्या दार-एस-सलाम किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदरात जातो. ब्राझाव्हिलवाला तेलावर जगतो. विहिरी बहुतेक प्वांत-न्वार या बंदराजवळच्या समुद्रात. २०१८ पासून तो ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेत आहे. दरडोई उत्पन्न शेजाऱ्याच्या कितीतरी वर, पण तेलाचा भाव पडला की सरकारी तिजोरीला घरघर लागते. चलनही वेगळं: ब्राझाव्हिलकडे युरोशी बांधलेला सीएफए फ्रँक (मध्य आफ्रिकेतल्या काही देशांचं सामायिक चलन), किन्शासाकडे काँगोली फ्रँक आणि व्यवहारात सर्रास डॉलर.

दोन्ही राजधान्या नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. इथून खाली धबधबे लागतात, बोटी समुद्रापर्यंत जात नाहीत. माल इथेच उतरवावा लागे, म्हणून शहरं इथे वाढली आणि दोन्ही वसाहतींनी समुद्री जहाजं येतात त्या बंदरापर्यंत आपापली रेल्वे टाकली. एका काठावरून दुसऱ्या राजधानीच्या इमारती दिसतात, पण पूल अजून नाही. पलीकडे जायचं तर कागदपत्रं घेऊन बोटीत बसायचं.