गजकर्ण की केसतूड? तालमीत एकच ट्यूब दोन्हींवर चोळू नका

गेल्या पावसाळ्यात पंचवटीतल्या आमच्या तालमीतल्या एका पोराच्या मांडीवर लाल पुळी आली. "वस्ताद, गजकर्णच आहे, दादालाही झालं होतं," म्हणत तो दादाची उरलेली ट्यूब चोळत राहिला. चौथ्या दिवशी पुळी लिंबाएवढी झाली. मधोमध पिवळं तोंड, भोवतीची कातडी तापलेली, लंगोटाची कड लागली तरी पोरगा कळवळायचा. ते गजकर्ण नव्हतंच, केसतूड होतं. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये एमआरएसए आलं, म्हणजे मेथिसिलिनसारख्या अँटिबायोटिकना न जुमानणारा स्टॅफ नावाचा जिवाणू.

म्हणून तालमीत आणि जिममध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारतो: खाजतंय की दुखतंय?

गजकर्ण म्हणजेच नायटा, हा बुरशीचा आजार. त्याला खाज सुटते, गोल चकती दिसते, कडा खवलेदार आणि उठलेल्या, मधला भाग त्या मानाने साफ. पसरायला आठवडे घेतो. केसतूड जिवाणूमुळे होतं, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस म्हणजेच स्टॅफमुळे. ते ठणकतं, गरम लागतं आणि दोन-तीन दिवसांत फुगतं. कधी दोन्ही एकाच जागी असतात. नायटा नखांनी खाजवला की त्या ओरखड्यातून जिवाणू आत शिरतो.

दुकानातून मागून आणलेल्या मिश्र ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. नायट्याची खाज थांबते, लाली उतरते, पण बुरशी फोफावते आणि चकतीचा आकार बिघडल्याने डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. केसतुडावर तर तिचा काडीचा उपयोग नाही, उलट जिवाणूला मोकळं रान मिळतं.

घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्यांचंही तेच. त्याच घराण्यातलं मेथिसिलिन हे अँटिबायोटिक १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्येच त्याला न जुमानणारा स्टॅफ ब्रिटनमध्ये सापडला. हे औषध जिवाणूची भिंत बांधणाऱ्या ज्या प्रथिनाला चिकटतं, त्याच्या जागी एमआरएसए वेगळंच प्रथिन वापरतो. औषधाला धरायला जागाच राहत नाही. अमॉक्सिसिलिनसारखी त्याच घराण्यातली बहुतेक औषधंही तिथेच हरतात. म्हणून पूचं कल्चर, म्हणजे कोणता जिवाणू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं याची तपासणी, हवंच.

त्या पोराला कुणी नावं ठेवू नयेत, हे मी सगळ्यांना बजावलं. साधारण तीनातल्या एका धडधाकट माणसाच्या नाकात स्टॅफ मुकाट्याने राहतो. त्याला हवं असतं फक्त खरचटलेलं अंग. २००३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस रॅम्स या फुटबॉल संघात ५८ पैकी ५ खेळाडूंना मिळून ८ वेळा एमआरएसए झाला, आणि प्रत्येक वेळी तो मैदानावर घासून सोललेल्या जागीच झाला होता. तिथे टॉवेलही एकमेकांचे वापरले जात होते. आपल्याकडे टॉवेलच्या जागी पंचा, एवढाच फरक.

पंचा, वस्तरा, लंगोट ज्याचा त्याचा. सराव संपला की लगेच साबणाने आंघोळ. मॅट आधी धुऊन मगच जंतुनाशक लावायचं, कारण घामाच्या आणि मळाच्या थराखाली ते पोचत नाही. शिवाय बाटलीवर लिहिलेला वेळ होईपर्यंत पृष्ठभाग ओला राहू द्यायचा. फवारलं आणि लगेच पुसलं, तर मेहनत वाया. लाल मातीचा हौदा असा पुसता येत नाही, म्हणून तिथे जखम असलेल्याला उतरूच देत नाही. हळद आणि ताक घातलेल्या मातीवर आमचा जीव आहे, पण एमआरएसएवर ते औषध नव्हे.

केसतूड फोडू नका. कोरड्या पट्टीने पूर्ण झाका, पट्टी बदलली की हात धुवा. पुन्हा कुस्ती कधी? अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत नियम असा: जिवाणूच्या आजारात योग्य अँटिबायोटिक सुरू करून ७२ तास झालेले हवेत, ४८ तासांत नवा फोड नको आणि जखम ओली नको. अंगावरच्या नायट्याला ७२ तास बुरशीनाशक औषध. आम्हीही तेच पाळतो, स्पर्धा तोंडावर असली तरी.

ताप आला, लाली पसरत चालली किंवा फोड चेहऱ्यावर असेल, तर सकाळची वाट न पाहता जिल्हा रुग्णालय गाठा.