तुरटीचा मोठा स्फटिक हवा असेल, तर फ्रीजचं दार उघडू नका

तुरटीचं गरम दाट द्रावण करायचं, त्यात दोरा सोडायचा आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवायची, अशी कृती दाखवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. सकाळी बरणीत खडीसाखरेसारखा बारीक खड्यांचा थर सापडतो. त्यालाच स्फटिक म्हणून खूश व्हायचं आणि पुढच्या प्रयोगाकडे वळायचं, असं बहुतेक घरी होतं. हे फार वाईट वाटण्यासारखं आहे, कारण त्याच तुरटीतून पन्नास ग्रॅमचा, चार सेंटिमीटर कडेचा, काचेसारखा पारदर्शक, आठ पृष्ठांचा एकच स्फटिक वाढवता येतो. त्याला थंडी लागत नाही. त्याला स्थिर तापमान लागतं आणि तीन-चार आठवडे लागतात.

आधी तुरटी नीट घ्या. किराणा दुकानात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा, दाढीनंतर फिरवतात तसला पारदर्शक खडा बहुधा पोटॅश तुरटीचा असतो. पाणी निवळायला वापरतात ती पांढरट, अपारदर्शक वडी अनेकदा नुसत्या अॅल्युमिनियम सल्फेटची असते. तिच्यापासून असा स्फटिक मिळणार नाही. काही वेळा पोटॅशच्या जागी अमोनियम तुरटी मिळते. ओळखायचं असेल तर चिमूटभर पूड पानाला लावायच्या चुन्यात दोन थेंब पाणी घालून घोटा. अमोनियाचा झणझणीत वास आला तर ती अमोनियम तुरटी. तिचेही स्फटिक छान होतात, फक्त खालचे आकडे तिला लागू नाहीत.

हे आकडे पोटॅश तुरटीचे आहेत. 100 मिलिलिटर पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 11 ग्रॅम तुरटी विरघळते, 30 अंशांना साडेसोळा, 40 ला 24 आणि 60 ला 57 ग्रॅम. म्हणजे 30 अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने बदललं की 100 मिलिलिटरमागे साधारण 0.6 ग्रॅमचा फरक पडतो. हा छोटा आकडा लक्षात ठेवा. पुढचं यशापयश बरंचसं त्याच्यावर अवलंबून आहे.

द्रावण थंड झालं, आता त्यात मावते त्यापेक्षा जास्त तुरटी आहे, तरी ती लगेच बाहेर का पडत नाही? कारण स्फटिकाची सुरुवात महाग असते. काही आयन, म्हणजे विरघळलेल्या तुरटीचे विद्युतभारित कण, योगायोगाने योग्य रचनेत एकत्र आले की ऊर्जेचे दोन हिशेब सुरू होतात. आतल्या भागात प्रत्येक आयनाला शेजारी मिळतात, तिथे ऊर्जा वाचते. ही बचत आकारमानाच्या, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पण नवं पृष्ठ तयार करायला ऊर्जा खर्च होते आणि तो खर्च त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आकार अगदी लहान असताना खर्च भारी पडतो, म्हणून असे पुंजके तयार होतात आणि पुन्हा विरघळतात. एका ठरावीक त्रिज्येच्या पुढे गेलेला पुंजकाच टिकतो आणि वाढतो. द्रावण जितकं अतिसंपृक्त, म्हणजे मावते त्यापेक्षा जितकी जास्त तुरटी त्यात, तितकी ही त्रिज्या लहान. फ्रीजमध्ये अतिसंपृक्तता इतकी वाढते की एकाच वेळी असंख्य पुंजके ती मर्यादा ओलांडतात आणि तुरटी त्या सगळ्यांत वाटली जाते. याउलट द्रावण जेमतेमच अतिसंपृक्त असेल, तर नवा पुंजका जवळजवळ तयारच होत नाही, पण आधीपासून असलेला स्फटिक मात्र वाढत राहतो. या मधल्या पट्ट्याला रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी 1897 मध्ये मितस्थायी असं नाव दिलं. आपल्याला बरणी तीन-चार आठवडे याच अरुंद पट्ट्यात ठेवायची आहे.

धूळ, सुती दोऱ्याचे तंतू आणि काचेवरचे ओरखडे पुंजक्याला आयता आधार देतात आणि पृष्ठाचा खर्च कमी करतात. म्हणून सुती दोरा नको, गळाला लावतात ती बारीक तंगूस घ्या. बरणी ओरखडे नसलेली, काचेची हवी. तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं, त्यामुळे अॅल्युमिनियमचं किंवा तांब्याचं भांडं वापरू नका. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकात आणू नका. बोअरवेलचं जड पाणीही टाळा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळतं, तेच घ्या.

अर्धा लिटर पाण्यात 100 ग्रॅम तुरटीची पूड घाला, 60 अंशांपर्यंत गरम करून पूर्ण विरघळवा आणि गरम असतानाच फिल्टर पेपरमधून गाळा. झाकून रात्रभर राहू द्या. खोली 30 अंशांवर असेल तर 17 ग्रॅमच्या आसपास तुरटी तळाशी खड्यांच्या रूपात जमेल. वरचं द्रावण त्या तापमानाला नेमकं संपृक्त असतं, म्हणजे त्यात मावेल तेवढीच तुरटी असते. ते अलगद दुसऱ्या बरणीत ओता. तळाच्या खड्यांतून तीन-चार मिलिमीटरचा, स्वच्छ, कडा तुटलेल्या नसलेला एक खडा निवडा. हे आपलं बीज. तंगुसाची सरकती गाठ त्याच्याभोवती आवळा आणि लोंबणारं टोक कापून टाका.

आता ओतून घेतलेल्या द्रावणात आणखी पाच ग्रॅम तुरटी घाला, 45 अंशांपर्यंत गरम करून विरघळवा आणि खोलीच्या तापमानापर्यंत निवू द्या. 100 मिलिलिटरला एक ग्रॅम जास्त, म्हणजे दीड-दोन अंशांची अतिसंपृक्तता. एवढी पुरे. बीज क्षणभर साध्या पाण्यात बुडवून काढा, म्हणजे त्याला चिकटलेली अदृश्य भुकटी निघून जाईल, आणि ते द्रावणाच्या मध्यावर टांगा. बरणीवर झाकण लावू नका, फिल्टर पेपर रबरबँडने बांधा. पाणी सावकाश उडायला हवं.

बीज वाढतंय की विरघळतंय हे पहिल्या तासाभरातच कळतं. बरणीमागे टॉर्च धरा आणि बिजाच्या आसपास पाहा. विरघळत असेल तर त्याच्यापासून जड द्रावणाच्या लहरी खाली उतरताना दिसतात. वाढत असेल तर लहरी वर चढतात, कारण तुरटी काढून घेतलेलं द्रावण हलकं होतं. खाली जाणाऱ्या लहरी दिसल्या तर बीज लगेच बाहेर काढा.

सगळ्यात जास्त प्रयोग इथेच फसतात. दुपारी खोली चार अंशांनी तापली तर अर्धा लिटर द्रावणात आणखी बारा ग्रॅम तुरटी मावते. चार मिलिमीटर कडेच्या बिजाचं वजन एका ग्रॅमच्या विसाव्या भागाइतकं असतं. ते नाहीसं होतं आणि सकाळी तंगुसाला रिकामी गाठ दिसते. उपाय साधा आहे. बरणी दहा-पंधरा लिटर पाणी भरलेल्या बादलीत, गळ्यापर्यंत बुडवून ठेवा. एवढं पाणी सहज तापत नाही आणि सहज निवतही नाही. बादली खिडकीपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. कोकणात पावसाळ्यात पाणी उडतच नाही, तेव्हा हा उद्योग ऑक्टोबरनंतर सुरू करा. विदर्भातल्या मे महिन्यात ते फार झपाट्याने उडतं, तिथे फिल्टर पेपरवर प्लॅस्टिक ताणून त्याला चार-पाच भोकं पाडा. 100 मिलिलिटर पाणी उडालं की साडेसोळा ग्रॅम तुरटी बाहेर पडते, म्हणजे 50 ग्रॅमच्या स्फटिकासाठी 300 मिलिलिटर उडायला हवं.

तळाशी दुसरे खडे दिसू लागले तर ते तुमच्या स्फटिकाच्या वाट्याची तुरटी खातात. स्फटिक काढून टिश्यू पेपरवर ठेवा, द्रावण गरम करून गाळा, निववा आणि मगच तो परत सोडा. स्फटिकाच्या आत दुधट धुके दिसलं तर समजा, वाढ घाईने झाली आणि द्रावणाचे थेंब आत अडकले. खाण्याचा रंग घालून रंगीत स्फटिक मिळत नाही. वाढणाऱ्या पृष्ठावर जागेत न बसणारे रेणू बाहेरच ढकलले जातात. बाजारातल्या रंगीबेरंगी किटमध्ये बहुतेक वेळा मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. ते झटपट वाढतं, पण त्यातून मिळतो तो सुयांचा झुबका. निळा रंग हवा म्हणून मोरचूद घेणार असाल तर ते विषारी आहे हे ध्यानात ठेवा. लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि उरलेलं द्रावण ओढ्या-नाल्यात सोडू नका, मासे मरतात.

तुरटीच्या एका सूत्रात पाण्याचे बारा रेणू असतात, वजनाने पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक. तापवली की ती 92 अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळते, मग पाण्याची वाफ होताना फुगून तिची लाही होते. दृष्ट काढून तुरटी विस्तवावर टाकतात आणि फुगलेल्या लाहीत दृष्ट लावणाऱ्याचा चेहरा शोधतात, त्यामागे एवढंच आहे. वाफ कुठून वाट काढते त्यावर आकार ठरतो. त्या आकारावरून शेजारच्या बाईकडे बोट दाखवणं हा अन्याय आहे आणि तो अजूनही होतो. स्फटिकांतून ‘ऊर्जा’ मिळते असं सांगून खडे विकणाऱ्यांकडेही पुरावा मागा.

आता आकाराबद्दल. तुरटी आठ समभुज त्रिकोणांचाच आकार का घेते? स्फटिकाची जी पृष्ठं बाहेरच्या दिशेला वेगाने वाढतात, ती वाढता वाढता आकसतात आणि शेवटी टोकात संपून जातात. सावकाश वाढणारीच उरतात. तुरटीत अष्टफलकाची पृष्ठं सगळ्यात सावकाश वाढतात. सावकाश का, हा खरा प्रश्न आहे. पूर्ण सपाट थरावर नवा थर सुरू करणं पुन्हा महागच पडतं. कमी अतिसंपृक्ततेत ते जवळजवळ घडूच नये, तरी घडतं. 1949 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रँक यांनी त्याचं उत्तर दिलं. स्फटिकाच्या रचनेत एखादा मळसूत्री दोष असला की पृष्ठावर एक पायरी उघडी राहते. आयन त्या पायरीला येऊन चिकटतात, पायरी चक्री जिन्यासारखी फिरत वर जाते, पण कधीच संपत नाही. नवा थर सुरू करायची गरजच उरत नाही.

तयार स्फटिकाच्या शेजारच्या दोन पृष्ठांमधला कोन मोजा. पुठ्ठ्यात कोनमापकाने 109.5 अंशांची खाच कापा आणि ती कडेवर बसवून पाहा. स्फटिक एका बाजूला लांबट वाढला असो वा चपटा, खाच बसते. 1669 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ निल्स स्टेन्सन यांनी क्वार्ट्‌झच्या बाबतीत हेच दाखवलं होतं, आकार बदलतो, कोन बदलत नाहीत.

पुढचा प्रयोग करायचा असेल तर संपृक्त द्रावणात धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट घाला. फेस येईल, पांढरा साका तयार होईल आणि ढवळल्यावर विरघळेल. साका विरघळेनासा झाला की थांबा, गाळा आणि त्यात नवं बीज टांगा. अष्टफलकाची टोकं कापल्यासारखी चौकोनी होऊ लागतात, कारण द्रावणातले अल्कधर्मी अॅल्युमिनियम आयन घनाकृतीच्या चौकोनी पृष्ठांना चिकटून त्यांची वाढ मंदावतात. पुरेसा सोडा असेल तर पूर्ण घन मिळतो. दोन्ही स्फटिक नुसते टिपून कोरडे करा, धुऊ नका, आणि पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. कोरड्या हवेत उघडे राहिले तर त्यांतलं पाणी उडून वर पांढरी भुकटी धरते.