लाल बोया डावीकडे: नौकानयनाची थिअरी शिकताना व्हिडिओ कसा निवडावा

समुद्रावरून मुंबई बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवायचा आणि हिरवा उजव्या. न्यूयॉर्कच्या बंदरात शिरताना बरोबर उलटं: लाल उजवीकडे, हिरवा डावीकडे. साऱ्या जगात बोयांची एकच पद्धत असावी असे प्रयत्न बरीच वर्षं चालले. शेवटी १९८० साली जगाचे दोन प्रदेश करून तडजोड झाली. भारत, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया हे 'अ' प्रदेशात आले. दोन्ही अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स 'ब' प्रदेशात गेले.

अमेरिकेत या नियमाचं एक सुटसुटीत, अनुप्रासाचं वाक्य आहे: 'रेड राइट रिटर्निंग', म्हणजे परतताना लाल उजवीकडे. तिथल्या व्हिडिओंत ते इतक्या वेळा येतं की आपोआप तोंडात बसतं. मी शिडाच्या नौकेची थिअरी शिकायला घेतली तेव्हा पहिलं पाठ झालेलं वाक्य हेच होतं. ते डोक्यातून जायला कित्येक महिने लागले, कारण आधी घट्ट बसलेलं पुसणं हे नवं शिकण्यापेक्षा कठीण असतं. म्हणून कुणी व्हिडिओ सुचवला की माझा पहिला प्रश्न असतो, हा कुठल्या समुद्रावरचा?

आपल्याकडे शिडाच्या नौकेची हौस वाढते आहे आणि बरेच जण ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या धर्तीवरचे थिअरीचे अभ्यासक्रम घरी बसून करतात. नकाशावर मार्ग आखणं, भरती-ओहोटीचं गणित, बोये आणि दिवे, टक्कर टाळण्याचे नियम, हवामान असा सगळा पसारा त्यात असतो. हे सगळं पडद्यावर पाहून शिकता येईल असं वाटतं. काही भाग खरंच येतो, काही मात्र अजिबात येत नाही.

शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ साली याबाबतचे प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरच्या बशा न हलवता खालचं कापड झटक्यात ओढून घ्यायची करामत लोकांना व्हिडिओवर दाखवली, काहींना एकदा आणि काहींना वीसदा. वीसदा पाहणाऱ्यांना आपल्यालाही हे जमेल याची खात्री जास्त वाटली. नेमबाजीच्या डार्टसारख्या खेळांत लोकांना प्रत्यक्ष करायला लावलं, तेव्हा वीसदा पाहणाऱ्यांचा विश्वास वाढलेला होता, कामगिरी मात्र एकदा पाहणाऱ्यांपेक्षा सरस नव्हती. आणखी एका प्रयोगात एकामागून एक हवेत उडवून झेलायच्या वस्तू नुसत्या काही क्षण हातात धरायला दिल्या, तर तेवढ्यानेही फाजील विश्वास उतरला. हाताला वजन कळलं की डोळ्यांचा भ्रम जातो.

नकाशावर हे फार लवकर जाणवतं. समजा, तुम्हाला 'क' या जागेवरून थेट पूर्वेला जायचं आहे. नौकेचा वेग ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल) आणि पाण्याचा प्रवाह २ नॉटने दक्षिणेकडे वाहतो आहे. सरळ पूर्वेकडे सुकाणू धरलं तर तासाभरात तुम्ही दोन मैल दक्षिणेला ढकलले जाल. मग नौकेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, किती उत्तरेकडे वळवून ठेवायची? 'क' पासून पूर्वेला रेघ मारायची. मग 'क' पासूनच दक्षिणेला २ मैलांची रेघ काढायची, हा तासाभराचा प्रवाह. तिच्या टोकावर कर्कटकाचं एक टोक रोवायचं, दुसरं ५ मैलांवर उघडायचं आणि ते पूर्वेच्या रेघेला जिथे टेकेल तिथे खूण करायची. प्रवाहाच्या टोकापासून या खुणेपर्यंतची रेघ म्हणजे नौकेची दिशा: पूर्वेपासून सुमारे २४ अंश उत्तरेला, म्हणजे उत्तरेपासून मोजून ०६६ अंश. आणि 'क' पासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तासाभरात तुम्ही खरोखर कापलेली वाट, सुमारे ४.६ मैल.

वाचायला सोपं आहे, आणि व्हिडिओत तर बारा सेकंदांत रेघा आपोआप उमटतात. स्वतः काढायला बसलं की जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो: कर्कटक ५ मैलांवर उघडायच्या ऐवजी प्रवाहाच्या टोकापासून थेट मुक्कामाच्या ठिकाणाला रेघ जोडतो. दुसरी चूक मैल मोजण्याची. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, अक्षांशाचं एक मिनिट. तो नकाशाच्या उजव्या-डाव्या कडेवरच्या पट्टीवर मोजायचा, तोही आपण जिथे आहोत त्याच अक्षांशावर, कारण मर्केटरच्या (सागरी नकाशांच्या नेहमीच्या) पद्धतीच्या नकाशात विषुववृत्तापासून दूर जावं तशी पट्टी ताणत जाते. वरच्या-खालच्या कडेवरची रेखांशाची पट्टी मैलांसाठी वापरली की हिशेब बिघडलाच.

म्हणून नकाशाकामाचा व्हिडिओ निवडताना मी तीनच गोष्टी बघतो. कॅमेरा वरून खाली टेबलावर रोखलेला आहे का, आणि शिकवणाऱ्याचे हात खऱ्या कागदावर खऱ्या कर्कटकाने काम करताना दिसतात का. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे तो मध्येच थांबून "आता तुम्ही काढा" असं म्हणतो का. तो म्हणत नसेल तर आपण थांबवायचं. उत्तर पडद्यावर यायच्या आत आपली रेघ कागदावर यायला हवी. आठवून पाहण्याच्या या सवयीमागेही प्रयोगांचा आधार आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्याला न पाहता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त उरलं होतं.

भरती-ओहोटीच्या बाबतीत समुद्र कुठला हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. भूमध्य समुद्रात पाण्याची चढउतार बहुतेक ठिकाणी हात-वीतभरच असते, त्यामुळे तिथल्या सुट्टीच्या सफरींसाठी बनवलेल्या व्हिडिओंत हा धडा दोन मिनिटांत उरकतो. मुंबईत उधाणाला ओहोटी आणि भरती यांत चार मीटरहून जास्त फरक पडू शकतो. ब्रिटनच्या काही किनाऱ्यांवर याहूनही मोठी भरती येते, म्हणून या एका विषयासाठी ब्रिटिश व्हिडिओ आपल्याला जास्त जवळचे. फक्त त्यांचं उन्हाळ्यात एक तास मिळवण्याचं प्रकरण सोडून द्यायचं, आपल्याला त्याची गरज नाही.

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत "आज ४.८ मीटरची भरती" असं छापून येतं आणि पुष्कळ लोक ती लाटांची उंची समजतात. ती लाटेची उंची नव्हेच. नकाशावरची खोली ज्या अगदी खालच्या पातळीपासून मोजतात, तिच्यावर पाणी किती चढलं हा तो आकडा. नकाशात एखाद्या जागी २ मीटर लिहिलं असेल आणि भरती ४ मीटर असेल तर त्या जागी ६ मीटर पाणी. चांगला व्हिडिओ हे पाणी आपल्या डोळ्यांसमोर चढवून दाखवतो, आणि तेही एकसारख्या वेगाने नव्हे. ३.६ मीटरचा फरक असेल तर सहा तासांत पाणी साधारण ३०, ६०, ९०, ९०, ६०, ३० सेंटिमीटर असं चढतं. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. ही गोष्ट तक्त्यात वाचण्यापेक्षा हलत्या चित्रात पाहिलेली कायमची लक्षात राहते.

याच जागी आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखाही जोडून बघावा: तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपासच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पंधरा तिथींमध्ये भरती साधारण बारा तासांनी पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास त्याच्या अगदी जवळचा. कुठल्याही परदेशी व्हिडिओत हे मिळणार नाही, आणि तक्त्यातून काढलेलं उत्तर पडताळायला याच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही.

व्हिडिओची खरी ताकद दिव्यांमध्ये दिसते. धोक्याच्या उत्तरेला असलेला बोया रात्री सतत लुकलुकतो, पूर्वेचा तीनदा, दक्षिणेचा सहादा आणि मग एक लांब झोत, पश्चिमेचा नऊदा. घड्याळाच्या तबकडीवरचे तीन, सहा, नऊ. हे पुस्तकात ठिपक्यांनी छापलेलं असतं, पण लय ठिपक्यांत कळत नाही. इथे व्हिडिओ मूळ वेगाने चालतो का हे घड्याळ लावून बघावं. भरभर लुकलुकणाऱ्या दिव्याचा वेग मिनिटाला ५० किंवा ६० असतो. वेळ वाचवायला कुणी तो पळवला असेल तर तो वेगळाच दिवा शिकवतो.

टक्करीची सूचनाही तशीच. नियम सांगतो की जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रातली दिशा बदलत नसेल तर टक्करीचा धोका आहे असं धरा. नौकेवर पक्क्या बसवलेल्या कॅमेऱ्यातून हे अंगावर येतं: आपली नौका सरळ चालली आहे आणि पलीकडचं जहाज चौकटीत जागचं हलत नाही, नुसतं मोठं होत जातं. कॅमेरा हातात धरून जहाजामागे फिरवला असेल तर हेच नेमकं हरवतं, चित्र कितीही सुंदर असो.

"इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची" हे सगळेच व्हिडिओ सांगतात. त्यातले बरेच तिथेच थांबतात. जाळं टाकून मासेमारी करणाऱ्या बोटीला शिडाच्या नौकेनेही वाट द्यायची असते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर रात्री समोर येणारी बोट बहुधा तीच असते. ट्रॉलर जाळं ओढत असेल तर वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा, इतर जाळ्यांनी मासेमारी चालली असेल तर वर लाल आणि खाली पांढरा. अभ्यासक्रमाच्या परीक्षेत यावर एखादाच प्रश्न येत असेल, पण हर्णै किंवा मालवणच्या बाहेर अंधारात उतरणाऱ्याला हे दोन दिवे पहिले ओळखता यायला हवेत. असे दिवे खऱ्या अंधारात, खऱ्या अंतरावरून, डुलत्या नौकेवरून दाखवणारा आणि मराठीत समजावणारा व्हिडिओ मी पुष्कळ शोधला. तो आपल्याच बंदरांत रोज रात्री समुद्रात जाणाऱ्या कुणीतरी बनवावा, एवढं मला फार मनापासून वाटतं.