खुलासा : ‘आयकर आम्ही भरतो, योजना ते खातात’

गोवा सरकारच्या गृह आधार (गृहिणींना दरमहा मदत) किंवा दयानंद सामाजिक सुरक्षा (वृद्ध, विधवा, दिव्यांगांना पेन्शन) योजनेचा विषय निघाला की पणजीपासून साखळीपर्यंत हेच वाक्य ऐकू येते. ते चुकीचे आहे.

आयकर केंद्राकडे जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी वाटपयोग्य करांतले (केंद्राने राज्यांशी वाटून घ्यायचे कर) ४१ टक्के राज्यांना दिले, त्यात गोव्याचा हिस्सा ०.३८६ टक्के होता. म्हणजे देशभरातून जमलेल्या अशा दर शंभर रुपयांतले जेमतेम सोळा पैसे त्या काळात गोव्याला.

राज्याचे स्वतःचे मोठे कर वेगळे : जीएसटीतला राज्याचा भाग, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, अबकारी. हे सगळेच भरतात. सत्तरी तालुक्यातली एखादी विधवा आजी २९९ रुपयांचा रिचार्ज मारते, तेव्हा १८ टक्के दराने त्यात सुमारे ४५ रुपये कर असतो आणि निम्मा राज्याचा. बंगलेवाल्यालाही त्याच रिचार्जवर तेवढाच कर. कमाईच्या मानाने जास्त भार कोणावर पडतो, हे उघड आहे, आणि मला ते खटकते. तिच्या पेन्शनला ‘फुकट’ म्हणणे तर सरळ अन्याय आहे.

योजनांतल्या बोगस लाभार्थ्यांवर जरूर बोला. तो प्रश्न छाननीचा आहे. कर कोण भरतो, याचा नव्हे.