हात उगारला जाण्याआधीचे २४ तास

मनोरुग्ण कक्षात परिचारिकेवर हल्ला झाला की सगळे म्हणतात, ‘अचानक झालं.’ बहुतेक मनोरुग्ण कधीच कुणावर हात उचलत नाहीत, आणि जे उचलतात त्यांची चाहूल बरेचदा आधी लागते.

ही चाहूल मोजण्यासाठी नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट तपासणी-सूची वापरतात. दर पाळीला सहा गोष्टी बघायच्या: गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरड, तोंडी धमकी, अंगावर धावून जाण्याचा आविर्भाव, वस्तूंची आदळआपट. दिसली तर १, नाही तर ०. बेरीज ० आली तर पुढच्या २४ तासांत धोका कमी, १-२ आली तर मध्यम, ३ किंवा जास्त आली तर लगेच हालचाल हवी. मुळातच मोठ्याने बोलणाऱ्या रुग्णाचा आवाज नेहमीपेक्षा चढला असेल, तरच गुण द्यायचा. आणि हा आकडा पाळी बदलताना तोंडी सांगायलाच हवा. कागदावर राहिलेला आकडा कुणालाच वाचवत नाही.

ठिणगी पडते ती बरेचदा नकारातून. बाहेर जाऊ द्या, घरी फोन लावून द्या, ही गोळी नको. नुसतं ‘नाही’ म्हणून पाठ फिरवली की राग उसळतो. कारण सांगावं, फोन कधी करता येईल तेही सांगावं, आणि ती वेळ पाळावी. रुग्ण तापलेला असताना एकानेच बोलावं, वाक्यं छोटी ठेवावीत. निदान दोन हात अंतर राखून थोडं तिरकं उभं राहावं, हात मोकळे दिसू द्यावेत. दाराची वाट दोघांपैकी कुणाचीच अडवू नये.

एक चूक फार महागात पडते. मनोविकारावरच्या काही औषधांनी अकॅथिसिया होतो: पाय स्थिर राहत नाहीत, बसवत नाही, जीव घाबरा होतो. त्यालाच आक्रमकपणा समजून त्याच औषधाचा डोस वाढवला, तर तगमग आणखी वाढते.

धरून ठेवण्याची वेळ आलीच, तर पालथं पाडून पाठीवर भार देऊ नये. श्वास कोंडून मृत्यू होऊ शकतो. एकाने फक्त चेहरा आणि श्वासाकडे लक्ष ठेवावं.

शिवीगाळ, थुंकणं, ढकलणं ‘कामाचाच भाग’ म्हणून नोंदवलं जात नाही, याचं फार वाईट वाटतं. नोंद नसली की रात्रपाळीला आणखी एक माणूस मागायला आधारच उरत नाही.